रुग्णाच्या घरातील इन्व्हर्टर : लाईन जाण्यापूर्वीची तपासणी

उन्हाळा सुरू झाला की दवाखान्यात उष्माघात, जुलाब आणि मुतखड्याचे रुग्ण वाढतात, हे वाचकांना ठाऊक आहेच. अलीकडच्या काही वर्षांत मात्र एक निराळीच तक्रार ऐकू येऊ लागली आहे. रुग्णाला घेऊन आलेला मुलगा किंवा सून सांगते, "डॉक्टरसाहेब, रात्री लाईन गेली, इन्व्हर्टर दहा मिनिटांत बंद पडला, मशीन थांबली आणि बाबांना धाप लागली." इन्व्हर्टर हा काही वैद्यकशास्त्राचा विषय नव्हे. आमच्या अभ्यासक्रमात बॅटरीवर एकही धडा नव्हता. परंतु ज्या घरात ऑक्सिजनचे यंत्र, बायपॅप किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हवेची गादी चालते, त्या घरी जिन्याखाली ठेवलेली ती बॅटरी औषधाच्या कपाटाइतकीच मोलाची असते. औषध संपत आले की आपण आणून ठेवतो. बॅटरी संपत आली हे मात्र लाईन जाईपर्यंत कळत नाही. ते आधी कसे ओळखावे, बिघाड झाल्यास घरच्या माणसाने कशाला हात लावावा व कशाला लावू नये, याची माहिती आज घेऊ.

वर्धा जिल्ह्याला अंधार नवा नाही. २००५ नंतरची काही वर्षे विदर्भात रोज कित्येक तासांचे भारनियमन होते. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथे घरोघरी इन्व्हर्टर आले ते त्याच काळात, आणि ते दोन पंखे व दोन ट्यूबलाईटपुरते होते. त्या वेळी बॅटरी लवकर उतरली तर डास चावत, झोपमोड होई, एवढेच. पुढे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर नावाचे यंत्र सामान्य माणसाच्या घरात शिरले. साथ ओसरली तरी यंत्रे राहिली. आज ती वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आजींच्या, बिडीने फुप्फुसे निकामी झालेल्या आजोबांच्या उपयोगी पडत आहेत. भारनियमन आता पूर्वीसारखे नाही हे खरे, परंतु मे महिन्यातल्या एका वादळी पावसात झाड तारेवर पडले की खेड्यात रात्रभर लाईन येत नाही. आणि यंत्र जोडलेले असते त्याच पंखा-ट्यूबलाईटच्या इन्व्हर्टरला!

प्रथम थोडा हिशेब करू. घरगुती बॅटरीवर बहुधा १५० एएच असे लिहिलेले असते. १५० ला १२ व्होल्टने गुणले की १८०० येतात. इतके वॅट-तास त्या बॅटरीत कागदोपत्री असतात. मोठा भार लावला की बॅटरी आपली सगळी शक्ती देत नाही, शिवाय इन्व्हर्टर स्वतः काही खातो. तेव्हा नव्या बॅटरीतूनही हाती पडतात ते सुमारे १२००. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर ३०० ते ३५० वॅट घेतो. म्हणजे एकटे यंत्र लावले तर तीन, फार तर साडेतीन तास. त्याच्या जोडीला जुन्या पद्धतीचे दोन पंखे, प्रत्येकी ७५ वॅटचे, चालू ठेवले की मुदत दोन तासांवर येते. बॅटरी चार वर्षांची असेल तर याच्याही निम्मे धरावे. कूलरचा तर विचारच नको. लाईन गेल्यावर टीव्हीवरची मालिका चालू आणि आजोबांच्या यंत्राची शिट्टी वाजते आहे, असे एका घरी मी स्वतः पाहिले आहे. रुग्ण असलेल्या घरी इन्व्हर्टरच्या लाईनवर यंत्र, एक पंखा आणि एक दिवा इतकेच असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टरच्या जातीची. जुने, स्वस्त इन्व्हर्टर 'स्क्वेअर वेव्ह' प्रकारचे असतात. त्यावर बल्ब पेटतो, पंखा गुरगुरत का होईना फिरतो. पण कॉन्सन्ट्रेटरमधील कॉम्प्रेसरची मोटर तापते, घरघरते आणि लवकर खराब होते. रुग्णाच्या यंत्रासाठी 'प्युअर साईन वेव्ह' इन्व्हर्टरच हवा. पंखा लाईनवर शांत आणि इन्व्हर्टरवर गुणगुणत असेल तर आपला इन्व्हर्टर बहुधा पहिल्या जातीचा आहे असे समजावे. तसेच कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर दुपटी-तिपटीने वीज ओढतो. ६०० व्हीएचा लहान इन्व्हर्टर त्या झटक्यानेच बंद पडू शकतो. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत किती वॅट लिहिले आहेत ते पाहून दुकानदाराशी बोलावे.

आता बिघाडाकडे वळू. रुग्ण तपासताना आम्ही आधी विचारपूस करतो, नळी नंतर लावतो. इन्व्हर्टरच्या बाबतीतही निम्मे निदान विचारपूस करूनच होते. बॅटरी किती वर्षांची? (खरेदीची पावती किंवा बॅटरीवर ठोकलेली तारीख पाहावी, स्मरणावर जाऊ नये, घरातले प्रत्येक माणूस निराळे वर्ष सांगते.) पूर्वी किती वेळ चालत होती, आता किती? ही घट हळूहळू झाली की एका दिवसात? शेवटचे पाणी कधी घातले? मध्यंतरी नवीन वस्तू त्या लाईनवर कोणी जोडली का?

एकाएकी बंद पडला असेल तर दोष बहुधा लहान असतो. टर्मिनलवरची तार सैल झालेली असते, इन्व्हर्टरच्या मागील फ्यूज उडालेला असतो किंवा तेथील लहान बटण बाहेर आलेले असते. कोणी मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर चुकून त्या लाईनवर लावलेली असते. अशा वेळी त्या लाईनवरचे सगळे बंद करावे, इन्व्हर्टर बंद करून पुन्हा चालू करावा आणि एकच दिवा लावून पाहावा. दिवा टिकला तर एकेक वस्तू वाढवीत जावे. ज्या वस्तूपाशी इन्व्हर्टर ओरडतो तेथे दोष. एकटा दिवाही टिकत नसेल तर बॅटरी किंवा तिच्या तारा पाहाव्यात.

घट हळूहळू झाली असेल तर ते वय होय. साधारणपणे ट्यूब्युलर बॅटरी चार ते सहा वर्षे, साध्या पट्ट्यांची बॅटरी तीन वर्षांच्या आसपास टिकते. आपल्याकडच्या उष्णतेत हे आकडे आणखी खाली येतात. बॅटरीचे आयुष्य २५-२७ अंश तापमान धरून सांगितलेले असते आणि त्यापुढे दर दहा अंशांमागे ते जवळपास निम्मे होते. गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत, नवतपाच्या दिवसांत ठेवलेली बॅटरी दोन वर्षांत थकली तर कंपनीला दोष देऊन उपयोग नाही.

"पण डॉक्टर, हिरवा दिवा तर लागतो, फुल चार्ज दाखवते!" ही तक्रार सर्वांत जास्त. वाचकांनी गाळ साचलेला तलाव पाहिला असेल. पहिल्या दोन पावसांत तो काठोकाठ भरतो आणि दिवाळी होताच आटतो. जुन्या बॅटरीचे तसेच होते. आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कडक थर बसतो, जागा कमी उरते. थोड्या वेळात 'भरली' असा दिवा लागतो आणि लाईन जाताच रिकामी होते. हिरवा दिवा फक्त भरली असे सांगतो, किती मावते ते सांगत नाही.

चौथा प्रकार खेड्यांत फार आढळतो. लाईन आहे, शेजाऱ्याकडे दिवे आहेत, आणि आपला इन्व्हर्टर मात्र बॅटरीवरच चालू. याची दोन कारणे. एकतर इन्व्हर्टरला येणारी लाईनच तुटलेली असते, म्हणजे पिन सैल असते किंवा तो मागचा फ्यूज गेलेला असतो. नाहीतर व्होल्टेज कमी असते. बहुतेक इन्व्हर्टरवर एक खटका असतो, एका बाजूस 'यूपीएस' आणि दुसऱ्या बाजूस 'नॉर्मल' किंवा 'वाईड' लिहिलेले. यूपीएसवर ठेवला असता १८० व्होल्टच्या आसपास दाब आला की इन्व्हर्टर लाईन नाकारतो. सायंकाळी गावातले पंप व कूलर एकदम चालू झाले की १६०-१७० व्होल्ट येतात. म्हणजे बॅटरी संध्याकाळभर उतरत राहते, भरत नाही, आणि रात्री खरी लाईन जाते तेव्हा तिच्यात काही उरलेले नसते. खटका नॉर्मलवर केल्यास कमी दाबातही बॅटरी भरते, परंतु तोच कमी दाब यंत्रालाही मिळतो आणि कॉन्सन्ट्रेटरला तो सोसत नाही. तेव्हा अशा गावी यंत्राला वेगळा स्टॅबिलायझर लावणे हाच मार्ग. नुसता खटका फिरवून समाधान मानू नये.

या विचारपुशीनंतर डोळे आणि नाक. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड दिसते का? बॅटरीचे पोट फुगले आहे का? हात न लावता जवळ नेला तर धग लागते का? पाण्याची सहा झाकणे असतात. पाच कप्प्यांत पाणी ठीक आणि एकातच वारंवार कमी होत असेल तर तो कप्पा गेला आहे. मिस्त्रीकडे काचेच्या नळीचे हायड्रोमीटर असते, त्याला ते 'ग्रॅव्हिटी पाहणे' म्हणतात. पूर्ण भरलेल्या बॅटरीत आकडा १२४० ते १२८० दरम्यान असावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सहाही कप्प्यांत तो जवळपास सारखा असावा. एकाच कप्प्यात ५० अंकांची तूट असेल तर बॅटरी बदलण्याची वेळ आली आहे. मिस्त्रीने आकडे मोठ्याने वाचून दाखवावेत असा आग्रह धरावा, आणि ते एका वहीत लिहून ठेवावेत. रक्तदाबाची वही ठेवतो तशीच ही.

आणि वास. सडलेल्या अंड्यासारखा वास बॅटरीजवळ येत असेल तर ती जास्त भारली जात आहे, तापली आहे आणि त्यातून हायड्रोजन सल्फाईड वायू बाहेर पडतो आहे. हा वायू विषारी आहे व त्याचा एक कपटी गुण असा की थोड्या वेळाने नाक बधिर होते आणि वास गेला असे वाटते. वास गेला म्हणून धोका गेला असे समजू नये. इन्व्हर्टर बंद करून लाईनची पिन काढावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, रुग्णाला व मुलांना दुसरीकडे न्यावे आणि बॅटरी थंड होईपर्यंत तिच्याकडे फिरकू नये. दम्याच्या रुग्णाला तर ॲसिडची वाफही पुरते. रुग्णाच्या खाटेखाली किंवा बंद झोपण्याच्या खोलीत बॅटरी ठेवणे म्हणूनच गैर आहे. हवा खेळती असलेली, सावलीतली, मुलांचा हात न पोहोचणारी जागा हवी.

घरच्या माणसाने करावयाचे काम थोडे आहे, पण ते नीट करावे. दर महिन्या-दोन महिन्यांनी, उन्हाळ्यात लवकर, पाण्याची पातळी पाहावी आणि खुणेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे नाही, बोअरचे तर मुळीच नाही. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. काही ठिकाणी मिस्त्री "जीव आणतो" म्हणून बॅटरीत ॲसिड ओततो. दोन दिवस बॅटरी तेज वाटते आणि पट्ट्या खाल्ल्या जातात. कप्प्यातून उडून जाते ते पाणी, ॲसिड नव्हे. म्हणून भरायचे तेही पाणीच.

हे काम दिवसाउजेडी करावे. रात्री लाईन गेल्यावर पातळी दिसावी म्हणून काडी ओढणे हा जीवघेणा प्रकार आहे. भारल्या जाणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. बॅटरीचे झाकण तोंडावर फुटते आणि सोबत गंधकाम्ल, ज्याला आपण ॲसिड म्हणतो, डोळ्यांत जाते. उदबत्ती, देवाचा दिवा, बिडी यांपैकी काहीही बॅटरीजवळ नको. ऑक्सिजनच्या यंत्राजवळही नको, ते कारण निराळे, परिणाम तोच.

टर्मिनलवरची पूड काढायची असेल तर आधी इन्व्हर्टर बंद करून पिन काढावी. हातातली अंगठी, कडे, बांगड्या, धातूचे घड्याळ उतरवून ठेवावे. १२ व्होल्टने शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण पाना आणि अंगठी मिळून दोन टर्मिनल जोडली गेली की शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो, अंगठी क्षणात लाल होते आणि बोट हाडापर्यंत भाजते. डोळ्यांवर चष्मा हवा, साधाही चालेल. प्रथम ऋण म्हणजे काळी तार सोडवावी, मग लाल. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या ब्रशने पूड धुवावी, हे पाणी कप्प्यात जाऊ देऊ नये, कोरडे पुसून आधी लाल व शेवटी काळी तार घट्ट करावी आणि वरून व्हॅसलीन लावावे. ज्यांचा हात कापतो, ज्यांना भीती वाटते, त्यांनी हे काम मिस्त्रीवर सोपवावे. त्यात कमीपणा नाही.

इन्व्हर्टरची पेटी मात्र कोणीही घरी उघडू नये. लाईनची पिन काढली तरी आत बॅटरीची वीज असते आणि त्यापासून २३० व्होल्ट तयार होऊ शकतात. याच कारणाने आणखी एक इशारा देतो, कारण अनेक शिकलेल्या माणसांनाही हे ठाऊक नसते : घरातील मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टरच्या लाईनवरील पंखे, दिवे, सॉकेट जिवंतच राहतात. मेन बंद केला म्हणून निर्धास्तपणे पंखा उतरवायला स्टुलावर चढलेल्या माणसाला शॉक बसतो, आणि शॉकपेक्षा वाईट असते ते वरून पडणे. मेन बंद, इन्व्हर्टरही बंद, मग टेस्टर लावून खात्री, मगच हात.

ॲसिड अंगावर उडाले तर काय करावे? पाणी, पाणी आणि पाणी. कपडे लगेच काढावेत व वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटे तो भाग धरावा. घड्याळ लावून २० मिनिटे. आपल्याला दोन मिनिटेच दहा वाटतात. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई यांपैकी काही नको. सोडाही कातडीवर नको. ॲसिड आणि सोडा एकत्र आले की उष्णता निर्माण होते. तो सोडा फरशीवर सांडलेल्या ॲसिडसाठी ठीक. डोळ्यात गेले असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून, नाकाच्या बाजूने बाहेर असे पाणी अर्धा तास सोडावे आणि नंतर दवाखान्यात यावे. आधी धावत येऊ नये, कारण डोळ्याचे नुकसान पहिल्या काही मिनिटांतच होते. येथे आपल्या उन्हाळ्याचा एक धडा आहे. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी पोळण्याइतके गरम असते. रांजणातले किंवा बादलीत भरून ठेवलेले पाणी वापरावे. बॅटरीला हात लावण्यापूर्वी गार पाण्याची बादली व तांब्या शेजारी आणून ठेवला तर उत्तमच. धुऊन झाल्यावर जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय, जे जवळ असेल तेथे जावे.

कोल्ड्रिंकच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ॲसिड कधीही ठेवू नये, डिस्टिल्ड वॉटरही ठेवू नये. दिसायला दोन्ही पाण्यासारखीच. लहान मूल किंवा रात्री तहान लागलेला माणूस चुकून पितो. असे झाल्यास उलटी करवू नये. वर येताना ॲसिड अन्ननलिकेला पुन्हा जाळते. चूळ भरवून तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

एवढी काळजी घेऊनही बॅटरी कधीतरी दगा देणारच. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईसारख्या शहराची वीज कित्येक तास गेली. त्या दिवशी मुलुंडच्या एका खाजगी रुग्णालयात जनरेटरला आग लागून रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले होते. मोठ्या रुग्णालयावर ही वेळ येते, तर आपल्या घरावर येणार नाही असे कसे म्हणावे? म्हणून इन्व्हर्टरच्या मागे आणखी एक व्यवस्था हवी.

कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या रुग्णाच्या घरी भरलेला लहान सिलिंडर असावा. 'बी टाईप' म्हणतात त्यात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटरप्रमाणे तो साडेबारा तास पुरतो. गळती वगैरे धरून दहा तास समजावे. रात्र निघते. सिलिंडरची चावी सिलिंडरलाच दोरीने बांधून ठेवावी. अंधारात चावी शोधताना गेलेली दहा मिनिटे फार महाग पडतात. सिलिंडर आडवा-तिडवा न ठेवता भिंतीला साखळीने बांधून उभा ठेवावा, आणि महिन्यातून एकदा काटा पाहावा.

लाईन गेली, यंत्र थांबले, धाप वाढली, की नातेवाईक घाबरून सिलिंडरचा प्रवाह पाच-सहा लिटरवर नेतात. धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसे खराब झालेल्या रुग्णाला हे घातक ठरू शकते. त्याच्या शरीरात कार्बन डायऑक्साईड साचतो, तो गुंगीत जातो आणि घरच्यांना वाटते की झोप लागली. अशा रुग्णांची ऑक्सिजनची पातळी ८८ ते ९२ दरम्यान राखणे पुरेसे असते. डॉक्टरांनी जितके लिटर लिहून दिले तितकेच सिलिंडरवर लावावे. रुग्णाला आडवे न निजवता बसवावे, पुढ्यात उशी किंवा टेबल देऊन त्यावर कोपर टेकू द्यावेत, नाकाने श्वास घेऊन शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करून सावकाश सोडायला सांगावे. एकाने शेजारी बसावे. ओठ निळे पडले, बोलताना वाक्य पुरे होईना किंवा गुंगी आली तर सिलिंडर सोबत घेऊन रुग्णालय गाठावे.

दमेकऱ्यांचे नेब्युलायझर बंद पडले तर घाबरण्याचे कारण नाही. स्पेसर नावाच्या नळकांड्यातून घेतलेला इन्हेलर तितकेच काम करतो आणि त्याला वीज लागत नाही. आपल्या डॉक्टरांकडून तो आधीच शिकून घ्यावा. इन्सुलिनसाठी फ्रिज इन्व्हर्टरवर जोडण्याची गरज नाही. दार उघडले नाही तर फ्रिज चार तास तरी थंड राहतो. वापरातली कुपी ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकते. वर्ध्याच्या मे महिन्यात खोलीचे तापमान त्याच्यावर जाते, म्हणून कुपी झाकणाच्या डबीत घालून डबी लहान मातीच्या मडक्यात ठेवावी आणि मडक्याला ओले फडके गुंडाळावे. बर्फात मात्र ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन वाया जाते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची हवेची गादी वीज जाताच हळूहळू बसते, तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलावी. नाहीतर एका रात्रीत पाठीला लाली येते.

काही घरी इन्व्हर्टरला कंटाळून लहान पेट्रोल जनरेटर आणला आहे. तो घरात, पडवीत किंवा खिडकीखाली चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, गरगरते, आणि जनरेटर चालू असलेल्या घरात दोघा-तिघांना एकदम असे होऊ लागले तर ते जेवणामुळे नव्हे. सर्वांनी आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवते. ते या वायूने व्यापलेले रक्तही ऑक्सिजनचे समजून ९८ दाखवते. शिवाय जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये उलटी घालून घर उजळण्याची युक्ती कोणी सांगितल्यास ऐकू नये. ती वीज खांबावरच्या तारेत जाते आणि तेथे दुरुस्तीसाठी चढलेला लाईनमन मरू शकतो. लाईन गेल्याची तक्रार १९१२ या क्रमांकावर करता येते.

आता कामाची गोष्ट. रुग्ण असलेल्या प्रत्येक घराने येत्या रविवारी दिवसा, दोन माणसे घरी असताना, ही चाचणी करावी. रुग्णाला सिलिंडरवर घ्यावे. यंत्र इन्व्हर्टरच्या लाईनवर चालू ठेवावे, एक पंखा व एक दिवाही, आणि इन्व्हर्टरला येणारी लाईन बंद करावी. घड्याळ पाहावे. इन्व्हर्टर ओरडू लागला की वेळ लिहावी आणि लाईन पुन्हा चालू करावी. पूर्ण रिकामी होऊ देऊ नये, त्याने बॅटरीचे आयुष्य घटते. नवीन बॅटरीत तीन तास मिळत होते आणि आता दीड मिळत असतील तर नवी घेण्याची वेळ झाली. असे दर तीन महिन्यांनी करावे, आणि मे उजाडण्यापूर्वी एकदा नक्की.

नवी घेताना दुकानदार लिथियमची दाखवील. तिला पाणी लागत नाही, ॲसिड नसते, ती हलकी असते, किंमत जास्त. जुन्या इन्व्हर्टरला ती सरळ जोडू नये, चार्जिंगची पद्धत वेगळी असते. ती फुगली किंवा तीतून धूर निघाला तर विझवण्याच्या भानगडीत न पडता सर्वांनी घराबाहेर पडावे.

जुनी शिशाची बॅटरी अंगणात पडू देऊ नये. तिच्यातले शिसे काढून वितळवण्याचा उद्योग काही जण घरीच करतात. त्या राखेतले शिसे धुळीबरोबर मुलांच्या पोटात जाते. पोटदुखी, रक्तक्षय आणि मंदावलेली बुद्धी या रूपाने ते दिसते, आणि गेलेली बुद्धी औषधाने परत येत नाही. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याविषयीच्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे, आणि दुकानदार नवीच्या किमतीत तिचे पैसे वळते करून देतो. उभी ठेवूनच न्यावी, ऑटोत आडवी टाकू नये, आणि ज्या फडक्याने पुसली ते फडके स्वयंपाकघरात परत येऊ देऊ नये.